तिसऱ्या दिवसाचं गणित

आमच्या यांचं नाव लुयेन. पण आमच्या सा देक गावच्या बाजारात जाऊन तुम्ही "लुयेन कुठे राहतात" असं विचारलंत तर मासेवाली म्हणेल, कोण लुयेन? "गणिताचे गुरुजी" म्हटलंत, की हातातला सुरा तसाच उंच धरून ती कालव्याकडे दाखवेल. मीही त्यांना गुरुजीच म्हणते. लग्नाच्या पहिल्या वर्षी थट्टेनं म्हणायला लागले, ते तसंच तोंडात बसलं.

मी स्वतः दुसरीपर्यंत. तीही अर्धी, कारण त्या वर्षी शाळेत पुराचं पाणी शिरलं आणि आमच्या आईला वाटलं, पोरीला एवढं शिक्षण पुष्कळ झालं. पुढे मी त्याच शाळेच्या फाटकाशी शेवयांच्या सुपाची गाडी लावली. गुरुजी तेव्हा नवे मास्तर होते. सूप प्यायचे आणि वाटी धुऊन परत आणून द्यायचे. सगळ्या गिऱ्हाइकांत वाटी धुऊन देणारा हा एकच. आई म्हणाली, "हा माणूस एक तर खुळा आहे, नाही तर नवरा करण्यासारखा आहे." दोन्ही खरं निघालं.

दुसऱ्याची वस्तू परत देणं हा त्यांचा रोगच म्हणा. एकदा शाळेतून येताना पावसात अडकले म्हणून शेजारच्या न्हाव्यानं त्यांना छत्री दिली. घरी आले, छत्री पुसली, पंख्याखाली वाळवली आणि परत द्यायला निघाले. बाहेर पाऊस धो धो. छत्री उघडली तर पुन्हा ओली होणार, आणि ओली वस्तू परत कशी द्यायची? म्हणून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून सदऱ्याच्या आत घातली आणि स्वतः भिजत गेले. न्हाव्यानं तीच छत्री उघडून त्यांना घरी आणून सोडलं. जाताना मला म्हणाला, "काकू, यांना पुन्हा काही द्यायची माझी छाती नाही."

तर असे हे गुरुजी. आणि त्यांची ही गोष्ट.

आमच्याकडे नव्या वर्षाचा पहिला दिवस बापाकडच्यांचा, दुसरा आईकडच्यांचा आणि तिसरा गुरूचा. तिसऱ्या दिवशी जुने विद्यार्थी गुरुजींकडे येतात. पोरंबाळं आली की मोठ्यांनी लाल पाकिटात नवी नोट घालून द्यायची, ही सगळीकडची रीत. पण फार पूर्वी, देशात सगळ्यांच्याच पोटाला चिमटा होता तेव्हा, आमच्याकडे पाकिटं होती आणि आत घालायला काही नव्हतं. गुरुजींनी कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर एक गणित लिहिलं आणि त्या पाकिटांत घातल्या. मी शरमेनं स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मुलांनी पाकिटं उघडली, कागद उलटसुलट करून बघितले. मग एक जण म्हणाला, "गुरुजी, हे सुटलं तर वर्ष चांगलं जाईल का?" गुरुजी म्हणाले, "सुटलं तर जाईलच. नाही सुटलं तर निदान कामात जाईल."

तेव्हापासून दर वर्षी एक नवं गणित. नंतर दिवस बरे आले, नोटा घालता आल्या असत्या, पण विद्यार्थीच ऐकेनात. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा खाम तर म्हणायचा, "नोट बायको काढून घेते, गणित कुणी घेत नाही." सगळ्या चिठ्ठ्या गुरुजी हातानं लिहायचे. आमच्या गावात माणसाचं अक्षर बघून मुलगी देतात, आणि गुरुजींचं अक्षर म्हणजे काय सांगू. त्यांच्या वर्गमुळाचं चिन्ह बघितलं की मला वाटायचं, याच्या छपराखाली आपण राहावं.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात कळलं, मग खडूत, मग सहीत. डॉक्टर म्हणाला, "हे आता असंच राहील, वाढू नये म्हणून गोळ्या." गुरुजींनी मान डोलावली. पण घरी येऊन कागद घेतला, एक ओळ लिहिली, बघितली आणि कागद उलटा ठेवला.

त्या वर्षी आमच्या लेकीनं, न्हाननं, कॉम्प्युटरवर टाईप करून दिलं. तिच्या घरचा जुना कॉम्प्युटर तिनं आमच्याकडे आणून ठेवलाय, नातवंडांचे फोटो बघायला. तिनं हौसेनं केलं, पण आकडा एका ओळीत आणि मुळाचं छप्पर दुसऱ्याच ठिकाणी. गुरुजींनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. "न्हान," म्हणाले, "अगं हा बिचारा आकडा भिजतोय की." तसल्याच चिठ्ठ्या त्यांनी वाटल्या. आणि त्या वर्षी पहिल्यांदा अर्ध्याहून जास्त मुलांनी चुकीचं उत्तर काढलं, कारण छप्पर कुठे संपतं तेच कुणाला कळलं नव्हतं. मुलं कसली, साठीला टेकलेली माणसं ती. कुणी तक्रार केली नाही. पण गुरुजींनी मला सांगून ठेवलं, "पुढच्या वर्षी नीट देता आलं तर देईन. नाही तर नाही."

आता मियेनबद्दल सांगते. मियेन ही त्यांचीच विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत गणित शिकवते. तिचे वडील फुलांची लागवड करायचे. सगळं गाव त्यांना सातवे काका म्हणायचं. पुराचं पाणी उतरत होतं त्या सुमारास ते गेले. तेव्हापासून मियेनच्या सदऱ्यावर सुतकाचा काळा तुकडा टाचलेला असायचा. वर्ष संपायच्या आधी एकदा ती आमच्याकडे आली आणि गुरुजींचं सगळं ऐकून म्हणाली, "गुरुजी, मोठमोठे गणिती आपली पुस्तकं ज्यात जुळवतात ना, ते फुकट मिळतं. लाटेक म्हणतात त्याला. या घरच्या कॉम्प्युटरवर बसेल."

"फुकट? मग त्यात खोट असणार."

"खोट नाही, पण नखरे आहेत."

"नखरे चालतात. तुझ्या काकूबरोबर जन्म काढलाय."

मी आतून म्हटलं, "ऐकलं बरं का."

मियेननं समजावून सांगितलं. त्यात चिन्ह काढत बसायचं नसतं. आपण शब्दांनी हुकूम द्यायचा, इथे मूळ, त्याच्या पोटात अपूर्णांक, वर हे, खाली ते. मग बटण दाबलं की छापील पुस्तकासारखं पान समोर येतं. छप्पर किती लांब, रेघ किती जाड, ते सगळं त्याचं ते बघतं. "आणि हात थरथरला," ती हळूच म्हणाली, "तर फार तर एक अक्षर दोनदा पडेल. ते खोडायचं."

 दुसऱ्या दिवशी मी बघितलं, तर कॉम्प्युटरवरचं झाकणाचं कापड धुऊन वाळत घातलेलं.

आमच्याकडे इंटरनेट म्हणजे न्हानच्या फोनमध्ये, तेही ती आली तर. म्हणून मियेननं सगळं एका डिस्कवर भरून आणलं. तळहाताएवढी काळी डबी ती. वर्षाचा शेवटचा दिवस होता. मी अंगणात केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या वळकट्या उकळायला ठेवल्या होत्या. मियेननं डबी जोडली, काहीबाही दाबलं आणि पडद्यावर ओळीमागून ओळ वर सरकायला लागली, मुंग्यांची रांग भिंतीवर चढावी तशी.

"गुरुजी, याला वेळ लागतो. मध्येच थांबल्यासारखं वाटेल, पण थांबलेलं नसतं. झालं असं ते स्वतःहून सांगेपर्यंत कशालाही बोट लावू नका."

"नाही लावणार."

"मी निघते. बाबांचा फोटो देव्हाऱ्यात बसल्यावरचं पहिलंच नवं वर्ष आहे, आई एकटी आहे." जाताना मला म्हणाली, "काकू, तुम्ही लक्ष ठेवा."

मी काय लक्ष ठेवणार? मला चूल होती. गुरुजी स्टूल ओढून पडद्यासमोर बसले आणि एकेक ओळ वाचायला लागले. मधूनमधून बाहेर येऊन बातमी द्यायचे. "निम्मं झालं." मग, "आता कुठल्या तरी भाषेची अक्षरं बसतायत. ही आपल्याला कशाला हवीत कोण जाणे."

"तुम्हाला नको असतील, त्याला हवी असतील," मी म्हटलं. "लाकूड सरकवा जरा आत."

दुपार कलली. मी पातेल्यात पाणी वाढवत होते. गुरुजी दारात आले, तर चेहरा असा की घरात साप निघालाय.

"अगं, ती डिस्क कुणाची?"

"मियेनची. असं काय विचारता?"

"आणि आज कोणता दिवस?"

मी भाताच्या विचारात होते. "शेवटचा," म्हटलं, आणि पुन्हा चुलीकडे वळले.

वर्ष बदलायच्या आत दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या घरी गेली पाहिजे, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. मागे राहिली तर पुढचं सगळं वर्ष उसनवारीत जातं म्हणतात. शेवटच्या दिवशी गल्लीत सगळ्यांची हीच धावपळ, कुणी शिडी परत देतंय, कुणी चाळण, कुणी सासूची कढई. गुरुजी सायकल काढताना मला दिसले. पाठीला पिशवी, पिशवीत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. जाताना पातेल्यातली एक तयार वळकटी मागून घेतली. "रिकाम्या हातानं कसं जायचं," म्हणाले. मला वाटलं, फळांची टोपली असेल कुणाची.

परत आले ते शीळ घालत. हात धुतले, आत गेले. मग शीळ बंद पडली.

मी आत गेले तेव्हा ते स्टुलावर बसले होते आणि पडद्यावर लाल अक्षरं होती. डबी नाही. तिची शेपटीसारखी वायरही नाही.

"काय केलंत?"

"परत दिली."

"चालू असताना?"

"शंभरातले नव्वदाच्या वर झालं होतं. शाळेत मी निम्म्याला पास करायचो."

"बोट लावू नका म्हणाली होती ना ती पोरगी?"

"यंत्राला नाही लावलं. डिस्कला लावलं. डिस्क तिचीच आहे." मग म्हणाले, "ती घरी नव्हती, बाजारात गेली होती. तिच्या आईच्या हातात दिली. ती म्हणाली, गुरुजी, एवढी काय घाई होती."

मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. "मग जा, पुन्हा आणा. अजून दिवस मावळायचाय."

"दिलेली वस्तू त्याच पावली परत मागायची? वेड लागलंय का तुला?"

"मग उद्या."

ते माझ्याकडे बघतच राहिले. आणि मलाही कळलं मी काय बोलले ते. वर्षाच्या पहिल्या दिवसांत कुणाच्या घरून काही मागायचं नसतं, आगीची काडीसुद्धा नाही. मागितलं की त्या घरातली लक्ष्मी आपण उचलून आणल्यासारखं. आणि ते घर तर सुतकातलं. ज्यांच्या घरून आताच एक माणूस गेलं, त्यांच्या दारात जाऊन आणखी काही मागायचं? तिकडून मियेननं यावं तर तेही नाही. सुतकातलं माणूस सणाचे तीन दिवस कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाही. आपलं दुःख दुसऱ्याच्या घरी सांडू नये म्हणून तेच जपतं, आणि बाकीचे त्याच्याहून जास्त जपतात.

पहिल्या दिवशी सकाळी गुरुजी पांढरा सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसले. वर्षाचं पहिलं लिखाण शुभ वेळेला करायचं, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. पूर्वी कुंचल्यानं करायचे, मग पेननं. या वेळी एका बोटानं. मियेननं शिकवलेले हुकूम कागदावर उतरवून घेतले होते, ते बघून त्यांनी अख्खं गणित टाईप केलं. बटण दाबलं. पडद्यावर ओळीच ओळी आल्या. मी खूश झाले, म्हटलं, आलं की!

"गणित नाही हे. तक्रारी आहेत."

"काय म्हणतोय तो?"

"अमुक सापडत नाही, तमुक सापडत नाही."

"मग शोधायला सांगा त्याला."

"जे सापडत नाही ते पुलापलीकडे मियेनच्या कपाटात आहे," गुरुजी म्हणाले, आणि कॉम्प्युटर बंद करून त्याच्यावर धुतलेलं कापड नीट घातलं.

जेवताना मी म्हटलं, "वाकडं तर वाकडं, हातानं लिहा की."

"वाकडं लिहिलेलं लोक वाकडं वाचतात. गेल्या वर्षी पाहिलंस ना?"

"मग तोंडी सांगा."

"मी काय रेडिओ आहे?" त्यांनी डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेलं अंडं जेवायच्या काड्यांनी धरायचा प्रयत्न केला. ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. मी बघितलंच नाही असं करून लोणचं वाढत राहिले. मग ते म्हणाले, "परवा दार लावून घे. मुलं आली तर सांग, गुरुजी लाँग शुएनला बहिणीकडे गेलेत."

माझा घास तोंडातच राहिला. या माणसानं कधी कराच्या साहेबाला खोटं सांगितलं नाही, सासऱ्याला नाही, मला तर नाहीच नाही. मी नवा पोशाख कसा दिसतो विचारलं तरी खरं सांगणारा माणूस हा. तो मला म्हणत होता, माझ्याच पोरांना खोटं सांग. तेव्हा मला कळलं की हे एका वर्षापुरतं नाही. परवा दार लागलं की ते पुढच्या वर्षी उघडायचं कारण उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले. देवळात सगळ्यांना मुभा असते. मियेन तिथे असणार हे मला माहीत होतं. मागच्या बाजूला, जिथे गेलेल्यांचे फोटो ठेवतात तिथे, ती उदबत्तीची राख झाडत होती. झाडायला राख फारशी नव्हतीच.

"नवं वर्ष सुखाचं जावो, काकू," ती म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली. माझ्यापासून. मला बाधू नये म्हणून.

मी सगळं सांगितलं. डिस्क काढल्याचं सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर हात धरला. आधी मला वाटलं रडतेय. हसत होती. "नव्वद? गुरुजी म्हणाले नव्वद?" मग खरंच रडायला लागली. म्हणाली, "काकू, कालपासून पहिल्यांदा हसले. लोक रस्त्याच्या पलीकडून हसून मान हलवतात, पण इकडे कुणी येत नाही. मी त्यांना दोष देत नाही, मीही तेच केलं असतं."

"चल घरी."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? माझ्या. तुझी डबी घे आणि चल."

"काकू, दुसरा दिवस आहे. माझ्या अंगावर हे बघा काय आहे." तिनं काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "उद्या काही झालं, गुरुजींचं काही बिघडलं, तर गाव मला काय म्हणेल? तुम्ही काय म्हणाल?"

मी या सगळ्या गोष्टी मानणारी बाई आहे, खोटं कशाला सांगू. पहिल्या दिवशी मी केर काढत नाही, फुटका कप वापरत नाही, घरात कुणाला मोठ्यानं बोलू देत नाही. देवळाच्या पायरीवर मीही दोनदा थबकले होते. पण मला काड्यांतून निसटणारं ते अंडं दिसत होतं.

"हे बघ बाई," मी म्हटलं, "मागची दोन वर्षं आमच्या उंबऱ्यात नव्या वर्षाचं पहिलं पाऊल निवडून निवडून भाग्यवान माणसाचं पडलं. तरी हात थरथरायचा थांबला नाही. आता जरा दुसऱ्या कुणाला येऊ दे."

गुरुजी अंगणात कुंडीला पाणी घालत होते. आम्हाला दोघींना येताना बघून त्यांच्या हातातलं भांडं कुंडीबाहेरच ओतत राहिलं. मियेन फाटकाशी थांबली. आत येईना. मीही क्षणभर घाबरले, हा नियमाचा माणूस आता काय म्हणतो.

त्यांनी भांडं खाली ठेवलं, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि फाटकापर्यंत चालत आले. दोन्ही हातांनी फाटक उघडलं.

"हे गेल्या वर्षीचं राहिलेलं काम आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी सुरू झालं, म्हणून गेल्या वर्षातच धरायचं. त्याला सणाचे नियम लागू नाहीत. ये आत."

"गुरुजी, हे गणितात बसतं का?"

"मी मांडलंय ना? मग बसतं."

मियेननं आधीचं अर्धवट बसलेलं सगळं पुसून टाकलं. गुरुजींना ते बघवेना. "नव्वद टक्के पुसतेस?" म्हणाले. "पुसलेलं बरं," ती म्हणाली, "अर्धवटावर पुन्हा बांधलं की पुढे कुठे गळतं ते सापडत नाही." पुन्हा डबी जोडली. पुन्हा मुंग्यांची रांग निघाली. या वेळी गुरुजी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

आता करायला काही नव्हतं. उठून जाताही येईना, कारण मियेन गुरुजींना एकटं सोडायला तयार नव्हती, आणि त्यात तिची चूक नव्हती. मी चहा केला, साखरेतलं खोबरं आणलं, कलिंगडाच्या भाजलेल्या बिया ठेवल्या. बिया सोलत आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. ओळी सरकत होत्या. बियांच्या टरफलांचा ढीग वाढत होता. आणि मग मियेन आपणहून बोलायला लागली.

वडिलांबद्दल. शेवटी शेवटी त्यांना गुडघाभर पाण्यात उभं राहवायचं नाही, पण बोटीत बसून कुंड्यांना पाणी घालायचे. यंदाची शेवंती त्यांनीच लावलेली. ती सणाला बरोबर फुलली, आणि विकायला काढायची कुणाची हिंमत झाली नाही. पाण्यावर बांधलेल्या मंचावर तशीच उभी आहे, पिवळीधमक, पाण्यात सावली पडते. "बाबा कुंड्या गोलाकार मांडायचे," ती म्हणाली. "सगळे ओळीत मांडतात, हे गोल. मध्ये एक, मग तिच्याभोवती, मग त्यांच्याभोवती. मी लहान असताना विचारलं, गोल कशाला? तर म्हणाले, भोवतीनं बोट वल्हवायला सोपं. मी गणित शिकले ते तिथे."

गुरुजींनी विचारलं, "बाहेरच्या प्रत्येक गोलात किती वाढायच्या?"

"ते जागेवर असायचं. मंचाच्या रुंदीवर."

"हं," गुरुजी म्हणाले. त्यांनी मांडीखालचा एक हात काढला, टरफलांमधून न सोललेल्या बिया वेचल्या आणि टेबलावर मांडायला लागले. मध्ये एक, मग तिच्याभोवती. हात थरथरत होता, बिया हलत होत्या, मियेन त्या बोटानं सारख्या करत होती. दोघं काय बोलत होती ते मला कळलं नाही. मध्येच कुणीतरी वर बघितलं, तर पडद्यावरच्या ओळी थांबल्या होत्या आणि खाली, झालं असं लिहिलेलं. केव्हा झालं कुणालाच माहीत नाही.

गुरुजींनी आदल्या दिवशीचं गणित बाजूला ठेवलं. नवं टाईप केलं, एका बोटानं. एखादं अक्षर दोनदा पडलं की स्वतःच "खोडा, खोडा" म्हणायचे आणि खोडायचे. मियेननं एकदाही हात पुढे केला नाही. मग बटण दाबलं.

पान आलं. पांढरंशुभ्र, मध्ये काळी अक्षरं. त्यात वर्गमूळ होतं, त्याच्या पोटात अपूर्णांक, त्या अपूर्णांकाच्या पोटात आणखी एक, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ छप्पर. गुरुजी पुढे वाकले. नाक पडद्याला लागेल इतके. कितीतरी वेळ तसेच.

"ही रेघ," शेवटी म्हणाले, "मीही एवढी सरळ कधी काढली नव्हती."

"काढायचात," मी म्हटलं.

"तू गप. तुला वर्गमूळ काय कळतं?"

"छप्पर कळतं."

मियेन गेल्यावर मला आठवलं, आमच्याकडे छापायचं यंत्र नाही. आणि सणात झेरॉक्सची सगळी दुकानं कुलूपबंद. मी गुरुजींना सांगितलं. वाटलं, आता पुन्हा लाँग शुएनची बहीण निघते. पण त्यांनी पडदा पुसायला फडकं मागितलं.

तिसऱ्या दिवशी दार उघडं होतं. सकाळीच खाम आला, मग औषधाच्या दुकानवाली लाई, मग बाकीचे. गुरुजींनी हातावर लाल पाकिटं ठेवली. खामनं उघडलं. आत कोरा कागद.

"गुरुजी, या वर्षी उत्तर लिहून ठेवलंय वाटतं, अदृश्य शाईनं?"

"गणित आत आहे. पडद्यावर. प्रत्येकानं आपल्या हातानं उतरवून घ्यायचं."

एकच गोंधळ. पेन कुणाकडे? चष्मा कुणाकडे? इंजिनांच्या तेलानं काळी झालेली बोटं, डाय केलेले केस, सुटलेली पोटं, सगळे त्या खोलीत दाटीवाटीनं, कुणी उंबऱ्यावर, कुणी जमिनीवर, दुसऱ्याच्या पाठीचं टेबल करून. गुरुजी त्यांच्यामागून हात पाठीशी बांधून फिरायला लागले, अगदी वर्गातल्यासारखे.

"खाम, हे मूळ आहे की मासे पकडायचा गळ?"

"गुरुजी, पुष्कळ वर्षांत लिहिलं नाही हो. पावत्या बायको लिहिते."

"मग बायकोला आणायचं होतंस. लाई, तुझं छप्पर आखूड पडलंय, आकडा भिजेल."

लाईनं पुसून पुन्हा काढलं. मग तिनं वरची पहिली ओळ मोठ्यानं वाचली. "सातवे काका पाण्यावरच्या मंचावर शेवंतीच्या कुंड्या गोल रचतात..." ती थांबली. "सातवे काका म्हणजे मियेनचे बाबा?"

"हो."

 खाम कागदाकडे बघत म्हणाला, "पण गुरुजी, मंच केवढा आहे ते इथे दिलेलंच नाही. ते कळल्याशिवाय हे सुटायचं कसं?"

"दिलेलं नाही, कारण मी मोजलेलं नाही. मंच अजून तिथेच आहे. फुलंही आहेत."

"आज?" खामनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "गुरुजी, तिसरा दिवस आहे. सुतकाचं घर..."

"काल ती पोरगी संध्याकाळपर्यंत इथे, या स्टुलावर बसली होती," गुरुजी म्हणाले. "घर उभं आहे. मी उभा आहे. तुझी काकू तर बघ, केवढी उभी आहे."

सगळे हसले. मग लाई उठली, कागदाची घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली आणि चपला शोधायला लागली. "मोजायची टेप आहे का कुणाकडे?" खाम म्हणाला, बोटीत आहे. एकामागून एक सगळे उठले. गुरुजी सायकल न घेता चालत निघाले, मध्ये ते आणि भोवती बाकीचे.

मी मागे राहिले, कपांचा ढीग पडला होता. कालव्यावर आवाज लांब जातो. मी कप विसळत होते आणि पुलापलीकडून ऐकू येत होतं, खाम ओरडत होता की टेप तिरकी धरली आहेस, लाई म्हणत होती की तूच वाकडा उभा आहेस, आणि मध्येच मियेनच्या आईचा आवाज, "अरे सावकाश, पडाल पाण्यात! चहा ठेवते, थांबा, कुणी जाऊ नका."